राहिलेली माती

पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला एप्रिल. बोलताना त्यांना दर दोन शब्दांनी थांबावं लागत होतं.

"बाई, उद्या सकाळची माती तुम्हाला द्यावी लागेल," ते म्हणाले. "मला कालपासून ताप आहे."

आमच्या ख्रिस्ती लोकांत अंत्यविधीला माती म्हणतात. मी म्हटलं, "मी? मी कशी देणार? मी मंडळीची चिटणीस आहे, पाळक नाही."

"उपासनेचं पुस्तक आहे ना तुमच्याकडे? त्यात सगळं आहे. मोठ्यानं वाचायचं. एवढंच." मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि फोन पाळकीणबाईंनी घेतला. त्या म्हणाल्या, "नाही म्हणू नका हो. बाकीचे कोणी फोनच उचलत नाहीत."

भोपाळमधली आमची मराठी मंडळी छोटी. चाळीसेक घरं. बहुतेकांचे वडील नगर-जालन्याकडून कारखान्यात फिटर, टर्नर म्हणून आलेले, काही माझ्यासारखे सरकारी कचेरीतले, दोनतीन घरं विदर्भातली. आम्हाला स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नाही. हिंदी मंडळी त्यांच्या चर्चमधला हॉल आम्हाला रविवारी दुपारी चार ते सहा देते. आमची पोरं गीतं मराठीत म्हणतात आणि बाहेर पायरीवर आली की हिंदीत भांडतात. मी स्टेनोग्राफर म्हणून निवृत्त झाले आणि चिटणीसपद गळ्यात पडलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. हजेरी मांडणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, आजाऱ्यांच्या नावांची यादी पाळकांना देणं, एवढंच माझं काम. बाईनं माती दिल्याचं आमच्या मंडळीत कधी घडलं नव्हतं.

माझे यजमान शुगरचे पेशंट. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "देवाला या सगळ्या शहरात तू एकटीच सापडलीस का?"

मेथी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ज्यांना माती द्यायची होती त्या आमच्या शब्बाथ शाळेच्या बाई होत्या. आयुष्यभर नर्स म्हणून राबल्या आणि रविवारी लहान मुलांना शिकवायच्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हाताखाली गेली. कबरस्तानाच्या फाटकापाशी त्यांचा मुलगा एकटाच उभा होता आणि त्याच्या बाजूला आमचे गाणारे काका. काका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, आमच्याच कोटरा भागात, माझ्या मागच्या गल्लीत राहणारे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मला म्हणाले, "गीत कोण म्हणणार? तुमचा आवाज मला माहीत आहे."

चौकीदार यादी घेऊन आला. "मैडम, पादरी साहब कहाँ हैं?"

"बीमार हैं. मैं करूँगी."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि यादीवर खूण केली. त्या दिवशी त्याला आणखी पाच जागा दाखवायच्या होत्या.

पेटी नव्हती. सुताराकडचं लाकूड संपलं होतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातल्या चौघांनी बाईंना निळसर पिशवीत आणलं आणि दोराच्या आधारानं खाली सोडलं. पिशवी एका बाजूनं कलली. मुलगा पुढे झेपावला तर त्यातला एक ओरडला, "दूर, भाई, दूर!" मी पुस्तक उघडलं. मास्क ओला होऊन नाकाला चिकटत होता. वाचत वाचत मी त्या जागी आले जिथे मृताचं नाव घ्यायचं असतं, आणि मला नाव आठवेना. तीस वर्षं ओळखत होते मी त्यांना. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. मुलानं हळूच नाव सांगितलं. मी ते मागून म्हटलं. माझ्याच कानाला ते परक्या माणसाचं वाटलं.

काकांनी एकट्यानं गीत म्हटलं. चार कडव्यांपैकी दोनच झाली, कारण पुढची गाडी आली होती.

घरी आले तेव्हा यजमानांनी मागच्या दारात गरम पाण्याची बादली आणि साबण ठेवला होता. स्वतः आतल्या खोलीत दार लावून बसले होते. त्या दिवसापासून आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत राहू लागलो. ते मला जा म्हणाले नाहीत आणि अडवलंही नाही. बादली मात्र रोज असायची.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. रोज सकाळी दहा वाजता मी हजेरीची वही घेऊन बसायची आणि चाळीसही घरांना फोन करायची. ताप आहे का, ऑक्सिजन किती, जेवण आहे का. ज्यांच्या घरात सगळेच पडले होते त्यांच्यासाठी मी खिचडी करायची आणि काका त्यांच्या जुन्या स्कूटरवरून डबे पोचवायचे. बिट्टन मार्केटचा बाजार बंद होता, भाजी मिळेल ती, मिळेल तेव्हा घ्यायची. पाळकसाहेब हॉस्पिटलात भरती झाले होते. तरी तिथून ते मला छोटे निरोप पाठवायचे. अमक्या घरची मुलगी एकटी आहे, तिला फोन करा. तमक्या काकांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मग एके दिवशी निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी तोवर सहा जणांना माती दिली होती. सातवे पाळकसाहेब.

पाळकीणबाई स्वतः पॉझिटिव्ह होत्या, घराबाहेर पडायची सोय नव्हती. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "त्यांनी सगळ्यांसाठी प्रार्थना केली. त्यांच्यासाठी नीट कराल ना?"

मी हो म्हटलं. पण नीट झालं नाही. शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन करताना माझा आवाज बसला. शेवटचा उतारा काकांनी पाठ म्हटला, तोही मध्येच विसरले, आणि आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघत नुसते उभे राहिलो. ज्या माणसानं पोरांच्या बाप्तिस्म्यात, लग्नांत, आजारपणात आम्हाला हाताला धरून चालवलं, त्याला निरोप द्यायला मंडळीतले दोन म्हातारे. मी मूठभर माती टाकली. ती कोरडी होती, वाऱ्यानं माझ्याच साडीवर आली. काकांची मुलगी त्याच संध्याकाळी इंदूरहून गाडी घेऊन आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना ते माझ्या दाराशी थांबले नाहीत. मला एकटीला मागे सोडून जायची त्यांना लाज वाटत असावी. आणि मला त्यांचा हेवा वाटत होता.

आता जे सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीचं.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी त्या दिवशी दहाचे फोन केले नव्हते. खुर्चीत बसून होते. फोन वाजला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या करोंदहून आमच्या मंडळीतली एक बाई बोलत होती. तिचे यजमान तिथल्या धान्यमंडीत तोलाईचं काम करायचे. विदर्भातलं घर, नवरा-बायको आणि कॉलेजातली मुलगी. दर रविवारी दोन बस बदलून उपासनेला यायचे. उशीर व्हायचा, म्हणून नेहमी दाराजवळच्या शेवटच्या ओळीत बसायचे.

"बाई," ती म्हणाली, "हे गेले हो. सकाळीच गेले. घरीच. गाडी मिळून राहिली नव्हती." रडत नव्हती ती. एखादी वस्तू हरवल्याचं सांगावं तसं सांगत होती. "दुपारी दोनला जागा देतो म्हणाले. तुम्ही याल नं?"

मी म्हटलं, "मला ताप आहे."

ताप नव्हता. मला काहीही झालं नव्हतं. हे मी ठरवून म्हटलं नाही, पण चुकूनही म्हटलं नाही. तोंडात शब्द तयार होते.

ती म्हणाली, "अरे देवा. तुम्हालाही? बाई, तुम्ही आराम करा. वाफ घेऊन राहिल्या नं? आम्ही पाहू काहीतरी."

फोन ठेवला आणि मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात यजमान उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव होता, आणि तो मला दिसलाय हे कळल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं चहाचा कप आणून माझ्यापुढे ठेवला. मी तो प्याले. हे मला सांगितलंच पाहिजे, की मी तो चहा पूर्ण प्याले.

दोन वाजले. तीन वाजले. चार वाजता तिचा मेसेज आला. शेजाऱ्यांनी मदत केली, सगळं झालं, प्रार्थना म्हणणारं कोणी नव्हतं म्हणून मुलीनं येईल तसं म्हटलं. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या तब्येतीसाठी आम्ही दोघी प्रार्थना करून राहिलो आहे.'

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा कबरस्तानात गेले, दुसऱ्या कोणासाठी. त्यानंतर आणखी चारदा गेले. लोक म्हणत होते, बाईंनी काय हिंमत दाखवली. मी ऐकून घेत होते.

उपासना पुन्हा सुरू झाली ती पावसाळा संपता संपता. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. बऱ्याच खुर्च्यांना माणसं उरली नव्हती. नवे पाळक मिळायला वेळ लागणार होता, तोवर मी वाचन घ्यायचं आणि पाळकीणबाईंनी प्रार्थना करायची असं ठरलं. साक्षी द्यायची, म्हणजे उठून देवाचे आभार सांगायची वेळ आली तेव्हा शेवटच्या ओळीतून करोंदची बाई उठली. मुलगी बाजूला होती. पदर सावरून ती म्हणाली, "हे गेले ते देवाची मर्जी. पण त्याच दिवशी आमच्या चिटणीस बाईंना ताप होता आणि देवानं त्यांना वाचवलं, त्याबद्दल मी आभार मानते."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

त्यानंतर मला झोप लागेना, जेवण जाईना. आठवडाभरानं मी करोंदला गेले. दुपार होती. ती ओट्यावर गहू निवडत बसली होती. मला बघून ताट बाजूला सारून उठली, "सलाम बाई, या नं, या," म्हणत खुर्ची पुसली. मुलीला चहा ठेवायला सांगितलं.

मी म्हटलं, "चहा नको. आधी ऐका. त्या दिवशी मला ताप नव्हता."

"म्हणजे?"

"मी खोटं बोलले. मला यायचं नव्हतं. मला भीती वाटली. आदल्या दिवशी पाळकसाहेबांना... माझ्यानं पुन्हा तिथं उभं राहवलं नसतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ताट पुन्हा ओढलं आणि गव्हातले खडे काढायला लागली. एक, दोन, तीन. बराच वेळ. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही.

"माझी पोरगी," शेवटी ती म्हणाली, "एकोणीस वर्षांची. बापाच्या खड्ड्यापाशी उभी राहून प्रार्थना म्हणत होती. अर्ध्यात तिला हुंदका आला तर मले म्हणे, मम्मी, आगे क्या बोलते हैं? मले कुठं येते? मी म्हटलं, बोल काही पण." तिचे हात थांबले. "आणि घरी येऊन आम्ही तुमच्यासाठी गुडघ्यावर बसलो. तुमच्यासाठी."

"मला माफ करा," मी म्हटलं.

ती उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मुलगी चहाचे कप घेऊन मध्येच उभी राहिली होती. तिनं ते ओट्यावर ठेवले. "आंटी," ती म्हणाली, "आप जाइए."

पुढच्या रविवारी त्या दोघी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी राजीनामा लिहिला, स्वच्छ अक्षरात, आणि पाळकीणबाईंच्या घरी गेले. त्यांना सगळं सांगितलं. पांढऱ्या साडीत त्या फार लहान दिसत होत्या. घर सोडायची तयारी चालू होती, पाळकसाहेबांची पुस्तकं दोरीनं बांधून भिंतीपाशी ठेवलेली. त्यांनी कागद वाचला आणि घडी घालून परत माझ्या हातात दिला.

"हा पश्चात्ताप नाही, बाई. हा आराम आहे," त्या म्हणाल्या.

"मला त्या जागी उभं राहायचा हक्क नाही."

"नसेल. पण उभं राहायला दुसरं कोण आहे? सांगा, मी त्यांना विचारते." त्यांच्या आवाजात राग होता. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "हे होते तेव्हा मलाही वाटायचं, देव काळजी घेईल. आता मला काही वाटत नाही. सकाळी उठते, प्रार्थना करते, पलीकडून काही येत नाही. तरी रविवारी चार वाजता तिथे जाते. तुम्हीही या."

मी राजीनामा घरी आणला. यजमानांनी विचारलं, "घेतला?" मी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "मग रविवारी मीपण येईन." लग्नानंतर पहिली काही वर्षं सोडली तर ते कधी नेमानं आले नव्हते. ते का आले हे मी विचारलं नाही. त्या चहाबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही.

करोंदहून फोन आला तोवर मध्ये वर्ष उलटून गेलं होतं. नुसतं, "शनिवारी सकाळी आठ वाजता कबरस्तानात या. पुस्तक घेऊन या."

मी साडेसातलाच पोचले. मायलेकी आल्या त्या थेट कबरीकडे चालायला लागल्या, मी मागून. माती खचली होती. लाकडी क्रूस एका बाजूला झुकलेला, त्यावरचा रंग उडालेला. मुलीनं वाकून तो सरळ केला आणि पायानं माती दाबली. आईनं हाताची घडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता म्हणा. सगळं. मोठ्यानं. गाळू नका काही."

मी म्हटलं. सुरुवातीपासून. एरवी घाईत सोडून देतात ते उतारेही वाचले. नावाच्या जागी नाव घेतलं. गीताची चारही कडवी एकटीनं म्हटली, आणि माझा आवाज काकांना माहीत होता तसाच होता, पट्टी सोडून जाणारा. शेजारच्या कबरीवर फुलं ठेवायला आलेलं एक कुटुंब थांबून बघत होतं. मी आमेन म्हटलं. मुलीनं म्हटलं. आईनं म्हटलं नाही. तिनं खाली वाकून मूठभर माती उचलली, टाकली, हात झटकले आणि रिक्षाकडे चालायला लागली. मी तिथेच उभी होते. मला वाटलं होतं, हे झाल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं झालं नाही.

पण त्या परत येऊ लागल्या. आधी महिन्यातून एकदा, मग नेमानं. मुलगी आता दुसऱ्या गावी नोकरीला आहे, तेव्हा आई एकटीच येते. मला सलाम करत नाही. मी वाचन घेत असते तेव्हा खिडकीबाहेर बघते. गाणारे काका इंदूरलाच वारले. पाळकीणबाई भावाकडे औरंगाबादला गेल्या. नवे पाळक दोन मंडळ्या सांभाळतात, आमच्याकडे महिन्यातून एकदाच येतात. चाळीस घरांची सतरा झाली आहेत, आणि हिंदी मंडळीला आता तो हॉल त्यांच्या कामासाठी हवा आहे असं ऐकते.

गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर मी खुर्च्या आवरत होते. करोंदची बाई जवळ येऊन उभी राहिली.

"आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी आहे. आपल्यातलीच, पण बिछान्याला खिळून आहे. सून बघत नाही. मंगळवारी मी जायचं म्हणते." मग माझ्याकडे सरळ बघत तिनं विचारलं, "याल, का ताप येणार आहे?"

"येते," मी म्हटलं.

मंगळवारी आम्ही गेलो. खोलीत लघवीचा वास मारत होता. मी पर्समधून शास्त्र काढलं तशी म्हातारी वैतागली. "ते नंतर वाचा," ती म्हणाली, "आधी नखं काढा. पांघरुणात अडकतात." पायाची नखं वाढून वळली होती, पिवळी, दगडासारखी. करोंदच्या बाईनं तिचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. मी कोमट पाण्याचं भांडं धरलं. नखं भिजायला बराच वेळ लागला. मग करोंदची बाई एकेक नख कापत गेली आणि मी तुकडे वेचत गेले.